आजोबांची एमजीए: रंगाच्या आधी हँडल

नमस्कार. तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी गोषवारा देतो. आजोबांनी १९६४ साली मुंबईहून जुनीच विकत आणलेली १९५७ची एमजीए, म्हणजे एमजी कंपनीची दोन सीटांची इंग्लिश स्पोर्ट्स गाडी. त्यांच्यामागे वडिलांनी सांभाळली, संक्रांतीला सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत बाहेर निघायची. १९९८पासून साखर पेठेतल्या तुमच्या बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये उभी आहे, अंगावर घरच्याच चार चादरी. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. पुण्याच्या एका कारागिरानं ‘बॉडी उतरवून शोरूमसारखी करून देतो’ म्हणत अठरा लाख सांगितलेत. मुंबईचा एक जण आहे तशी उचलून न्यायला तयार आहे. आणि तुमच्या दाजींचं म्हणणं, अँबेसेडरचं इंजिन टाका, दोन लाखांत मोकळे व्हा. तुम्ही विचारताय, तिघांपैकी कुणाचं ऐकू?

आत्ता कुणाचंच ऐकू नका. का ते सांगतो.

मी अक्कलकोट रोडला पस्तीस वर्षं गॅरेज चालवतोय. वडील गिरणीत फिटर होते, पान्याची सवय तिथूनच लागली. रोजचं पोट आजच्या गाड्यांवर भरतं, पण एका कोपऱ्यात कायम एखादी जुनी फियाट, हेराल्ड, नाहीतर एमजी उभी असते. (आजकालची पोरं एमजी म्हटलं की ‘हेक्टरवाली का?’ विचारतात. नाव तेच, पण तुमची गाडी इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली आहे, आणि तो कारखाना १९८० सालीच बंद झाला.) माझ्या अनुभवात असं घराणं आलं की प्रश्न नेहमी पैशाचा म्हणून येतो आणि अडलेलं असतं दुसरंच. तुमच्याकडं तीन आकडे आहेत, पण तिघांपैकी एकानंही गाडीखाली डोकं घातलेलं नाही. पुणेवाल्यानं फोटोवरून आकडा काढला, मुंबईवाल्याला तुमची घाई दिसली, आणि दाजी दाजी आहेत. सत्तावीस वर्षं उभ्या गाडीचं इंजिन फिरतं की नाही हेच माहीत नसताना ती ठेवायची की विकायची, हे ठरणार कसं?

पान्याला हात लावण्याआधी एक कोरडं काम आहे, ते उरकून घ्या. तुम्ही म्हणता आरसी बुक आजोबांच्या नावावरच आहे. म्हणजे आजोबा ते वडील ही बदलीही झालेली नाही. वारसाहक्कानं नाव बदलायला आरटीओत फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यूचे दाखले, वारसांचा पुरावा आणि बाकी वारसांची लेखी संमती. पुण्याचे काका, लातूरच्या आत्या, तुमची बहीण, सगळ्यांच्या सह्या आत्ताच घ्या. गाडी भंगार दिसते तोवर सही सहज मिळते. चकचकीत झाली आणि कुणीतरी मोठा आकडा बोललं, की त्याच सहीला दिवाळीपर्यंत मुहूर्त निघत नाही. हे मी आत्तापर्यंत दोन घरांत बघितलंय.

त्याला जोडूनच नोंदणीचं. २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, पुढं नूतनीकरणाला पाच हजार, मुदत दहा वर्षं. आधीच नोंद असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागची पाटी पेंटरनं ब्रशनं लिहिलेली दिसते. ती पाटी काढून फेकणाऱ्याला शेडमध्ये घेऊ नका. मात्र दोन अटी नीट वाचा. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. दुसरी अट, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

आता दाजींचं इंजिन. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, उलट त्यांना बरंच माहीत आहे. अँबेसेडरचं जुनं पेट्रोल इंजिन आणि १५०० एमजीएचं इंजिन ही खरोखर एकाच घराण्यातली. दोन्ही बीएमसीच्या (म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजची, दोन्ही १४८९ सीसी. अँबेसेडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, आणि मॉरिस-एमजी एकाच छपराखालचे. म्हणूनच माझ्यासारख्याला एमजीए उघडायची भीती वाटत नाही. आमचा हात अँबेसेडरवर बसलेला. पण एमजीएवर दोन एसयू कार्बोरेटर, हेड आणि कॅम वेगळ्या तयारीचे, आणि ताकद कितीतरी जास्त. अँबेसेडरचं अख्खं इंजिन टाकलंत तर गाडी चालेल, पण चालेल अँबेसेडरसारखी. शिवाय मघाशी सांगितलेली अट आडवी येईल आणि किंमतही पडेल. तुमच्याच इंजिनाचा नंबर बघा. सुरुवातीच्या अक्षरांत १५ जीबी किंवा १५ जीडी असेल तर ते मूळ जातीचं आहे. तो ब्लॉक भेगाळलेला निघाला तरच पुढचं बोलू.

मग सुरुवात कुठून? हँडलपासून. एमजीएला समोरून हँडल, म्हणजे इंजिन हातानं फिरवायचा दांडा, मारायची सोय आहे. डिकीत, चाकाशेजारी शोधा, तिथंच कुठंतरी पडलेलं असेल. पण शोधलं की लगेच फिरवू नका. आधी चारी प्लग काढा. प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून दोन-तीन चमचे सोडा, वर फडकं लावा आणि आठ दिवस विसरून जा. परत सोडा, परत आठ दिवस. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळं कोकणातल्या गाडीसारखा सिलिंडर आतून सगळा गंजून गेलेला नसतो. बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा नुसत्या चिकटलेल्या असतात. मग गिअर न्यूट्रल करून हँडल हातानं, अंगाचा जोर न लावता, थोडं पुढं थोडं मागं. पाइप अडकवून लांब केलेला दांडा नको. चार दिवसांनी हललं तरी चालेल, पण जबरदस्तीनं हललेलं महाग पडतं.

आणि बॅटरी लावायची नाही. हे मी मोठ्यानं सांगतोय, कारण ही चूक मी स्वतः केलीय. वीसेक वर्षांपूर्वी विजापूरकडची अशीच एक इंग्लिश गाडी माझ्याकडं आली. इंजिन हातानं फिरलं, मी खूश. मालकाची सगळी माणसं अंगणात उभी, कुणीतरी नारळही आणलेला. मी रॉकर कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) न उघडता बॅटरी जोडली आणि स्टार्टर दिला. दोन फेऱ्या झाल्या आणि आतून फांदी मोडल्यासारखा आवाज. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटून बसला होता, पुश रॉड वाकला. नारळ तसाच परत गेला. तेव्हापासून कव्हर उघडून, एक जण हँडल सावकाश फिरवतोय आणि दुसरा आठही व्हॉल्व्हवर बोट ठेवून प्रत्येकाचा वर-खाली प्रवास बघतोय, हे झाल्याशिवाय मी पुढं जात नाही. जो व्हॉल्व्ह आळस करतो त्याच्या दांड्यावर तेल सोडायचं आणि थांबायचं.

इंजिन मोकळं झालं की जुनं तेल काढून चेंबर (इंजिनाखालचा तेलाचा डबा) उतरवा. तळाशी काळं डांबर साचलेलं असेल, ते खरवडून धुवा. भरायचं साधं मिनरल २०डब्ल्यू-५०. मॉडर्न गाड्यांचं पातळ सिंथेटिक या इंजिनाला घालू नका. मग प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर फिरवायचा, मीटरवर ऑइलचा दाब उठेपर्यंत. दाब उठला की अर्धी लढाई जिंकली. गाडी गरम होऊन रस्त्यावर दाबाचा काटा पन्नास पीएसआयच्या आसपास राहिला तर इंजिनाचं खालचं काम उघडायची गरजच नाही, आणि अठरा लाखांतला मोठा तुकडा तिथंच गळतो.

बॅटरीचंही सांगून ठेवतो. या गाडीत सीटच्या मागं झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, आणि अर्थ पॉझिटिव्ह असतो. म्हणजे चेसिसला प्लसची तार. आपला कुठलाही इलेक्ट्रिशियन सवयीनं मायनस चेसिसला लावणार. मधल्या काळात कुणी बदलून निगेटिव्ह केलंय का हे आधी तपासा, मगच जोडा. वायरिंगवरचं कापडी आवरण उंदरांनी खाल्लं असेल तर सगळी वायर बदलायची. तिथं काटकसर केली तर गाडी जळते.

पाण्याचं खातं सोलापूरचं आहे. वडिलांच्या काळात रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी गेलं असणार, आणि आपल्या बोअरचं पाणी म्हणजे क्षारच. ब्लॉकच्या मागच्या भागात, चौथ्या सिलिंडरभोवती, तांबडा गाळ घट्ट बसतो. गाडी पुढून थंड दाखवते आणि मागून तापते. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडा. त्यातून काहीच आलं नाही तर आनंद मानू नका, तारेनं टोचा. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत ही गाडी सात रस्त्याला सिग्नलवर उभी राहणार आहे, हे डोक्यात ठेवून रेडिएटर साफ करून घ्या.

आता पेट्रोल, आणि इथं गेल्या सत्तावीस वर्षांत जग बदललंय. तुमच्या गाडीनं शिसं नसलेलं पेट्रोल बहुधा चाखलेलंच नाही. देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं २००० साली, तेव्हा ही चादरीखाली झोपली होती. आणि आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. आपल्याच जिल्ह्यातला ऊस आपल्याच टाकीत येतोय, तक्रार कुणाकडं करणार? पण १९५७च्या माणसांनी हे धरून गाडी बनवलेली नाही. शिसं गेल्याचं फार मनावर घेऊ नका. कधी हेड उतरवायची वेळ आलीच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) बसवून घ्या, तेवढ्यासाठी हेड उतरवू नका. इथेनॉल मात्र खरा त्रास देतं. जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात. ते हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि आतून पत्रा खातं. पेट्रोल-हवेचं मिश्रणही पातळ पडतं, त्यामुळं एसयू कार्बोरेटरच्या सुया एक पायरी जाड मिश्रणाच्या घालाव्या लागतात. टाकी उतरवून आतून धुवा, नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्या.

यात एक जागा अशी आहे की तिथं बहुतेक जण फसतात. या गाडीच्या एच-४ कार्बोरेटरमध्ये जेटभोवती बुचाची, म्हणजे कॉर्कची, बारीक सील असतात. इतकी वर्षं कोरडी राहून ती आक्रसलेली असणार. पेट्रोल सोडल्याबरोबर जेटखालून थेंब थेंब गळायला लागतं, आणि या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्यामुळं बरोबर खाली एक्झॉस्टचा तापलेला मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारी नळी) असतो. तेव्हा कार्बोरेटर पूर्ण उघडून सील बदलल्याशिवाय चावी फिरवून पंप सुरू करायचा नाही. पुढं सगळं ठीक झाल्यावर चावी फिरवली की मागून पंपाची टक-टक येईल, कार्बोरेटर भरले की ती थांबेल. थांबलीच नाही तर कुठंतरी गळतंय, चावी बंद. पेटल्यावर भांडत बसायला वेळ नसतो, म्हणून पहिल्या दिवशी शेजारी आग विझवायचा सिलिंडर ठेवाच.

ब्रेकमध्ये जोडाजोडी नाही. सगळी रबरं, सगळ्या रबरी नळ्या, सगळं नवीन. या नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून सुजलेल्या असतात. पाय दाबला की ब्रेक लागतो, पाय काढला तरी सुटत नाही. ब्रेक आणि क्लच दोन्हींचा मास्टर सिलिंडर एकाच डब्यात आहे, त्यामुळं एकाच उघडण्यात दोन्ही कामं होतात. सिलिंडर आतून खड्डे पडलेले निघाले तर इंग्लंडहून मागवायच्या आधी एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या लेथवाल्याकडं जा. यंत्रमागाचे भाग करण्यात ज्यांचं आयुष्य गेलंय ते आतून पितळी स्लीव्ह इतकी नेमकी बसवतात की पुण्या-मुंबईचे लोक माझ्याकडं सिलिंडर पाठवतात. बाकी भागांची फार चिंता नको. १९५५ ते १९६२ या काळात एमजीए लाखाच्या वर बनल्या आणि बहुतेक अमेरिकेला गेल्या. तिकडं हौशी लोकांची संख्या मोठी असल्यामुळं आजही जवळपास सगळा माल नवा बनतो. पैसा आणि कस्टमचा धीर पाहिजे.

टायर डोळे झाकून बदला. तारांची चाकं असतील तर एक चाचणी. मागचं चाक उचला, दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढं-मागं हलवा. ‘टिक’ आवाज आला तर आतले दाते झिजलेत. मधली नट दोन बाजूंना उलट्या आट्यांची असते, हब डावी-उजवीकडं अदलाबदल करून बसवलेले निघाले तर चाक चालत्या गाडीतून निघून जातं. हे गमतीनं म्हणत नाही.

बॉडीसाठी एक लोहचुंबक आणा, फडक्यात गुंडाळून. दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तिथं तो चिकटणारच नाही, घाबरू नका. मडगार्डवर आणि दाराखालच्या पट्टीवर चिकटला पाहिजे. जिथं तो सुटून पडतो तिथं कुणीतरी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग पायाखालची फळी. हो, या गाडीचा तळ प्लायवूडचा असतो, आणि मागाच्या शेडमध्ये सुताच्या कचऱ्याशेजारी इतकी वर्षं म्हणजे वाळवीला जेवणाचं ताट. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, भुसा निघाला तर सुतार दोन दिवसांत नवीन करून देईल. महत्त्वाचं आहे ते फळ्या ज्यावर बसतात त्या चेसिसच्या कडा. त्या शाबूत असतील तर बॉडी उतरवायचं नाव काढू नका. आणि दारांच्या फटी आत्ताच मोजून लिहून ठेवा. आधार न देता खालच्या पट्ट्या कापल्या की बॉडी किंचित बसते आणि दार नंतर जन्मात नीट लागत नाही.

रंगाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. तुमच्या गाडीवरचा रंग कारखान्याचा नाही, फोटोवरूनच कळतं, सत्तरच्या दशकात इथंच कुणीतरी मारलेला आहे. तरी मी तो ठेवेन. फोटोत डाव्या दाराच्या आत ओढायची दोरी दिसते. उघड्या एमजीएला बाहेरून दाराची मूठ नसते, आत हात घालून दोरी ओढायची. तुमच्याकडं मूळ दोरी तुटल्यावर मागाचीच दोरी गाठ मारून लावलेली आहे. पुण्याचा कारागीर पहिल्या दिवशी ती कापून टाकेल, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही, कारण तुम्ही त्याच्याकडं शोरूमची गाडी मागितलीय. मूळ रंग कोणता होता याचं कुतूहल असेल तर इंग्लंडात गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून चेसिस नंबरवरून कारखान्याच्या नोंदीचा दाखला मिळतो. त्यात बनल्याची तारीख, रंग, इंजिन नंबर, गाडी कुठं पाठवली हे सगळं येतं. तो जरूर मागवा. रंगवायचं ठरलंच तर गाडी एक वर्ष चालवून मग रंगवा, कारण त्या वर्षात ती बऱ्याचदा उघडावी लागणार आहे.

सीट, छत, गालिचे यांवर मी काही लिहीत नाही. ती कामं कधीही होतात.

उरला विकायचा प्रश्न. हे मी ठरवू शकत नाही, पण कशावर ठरवायचं ते सांगतो. चालू झालेल्या गाडीला पंधरा दिवसांतून एकदा वीसेक किलोमीटर लागतात. पहाटे होटगी रोडला जाऊन परत, एवढंच. ग्रीसचे पॉइंट, कार्बोरेटरच्या डॅम्परमधलं तेल, टायरची हवा हे कुणीतरी हातानं बघावं लागतं. तुम्ही हैदराबादला नोकरीला आहात असं लिहिलंय. सोलापुरात हे करणारं घरचं कोण आहे? बहिणीचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे म्हणता, त्याला विचारलंत का? आजोबांची आठवण म्हणून तुम्ही ठेवाल, पण किल्ली त्याच्या खिशात जाणार असेल तरच ठेवण्यात अर्थ आहे. तसं कुणीच नसेल तर विका, त्यात पाप नाही. मात्र चालू करून विका. मी सांगितलेली कामं इंजिन न उघडता झाली तर माझ्या अनुभवात पुण्याच्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यात बसतात, आणि चालणारी, एका घरात साठ वर्षं राहिलेली, कागद नीट असलेली गाडी घ्यायला येणारा माणूस मुंबईवाल्यासारखा बोलत नाही. ब्लॉक फुटलेला किंवा चेसिस सडलेलं निघालं तर हे सगळं गणित बदलतं, तेव्हा परत बसू.

क्रम लक्षात ठेवा. सह्या, मग इंजिन हातानं, मग पेट्रोलची वाट, मग ब्रेक, मग रस्ता. रंग त्याच्या खूप नंतर.

या रविवारी सोलापूरला येताय ना, तर एवढंच करा. चादरी काढा, सुती चादर ओल धरते, परत घालू नका. चेसिस आणि इंजिनाच्या पाट्यांचे फोटो घ्या. प्लग काढून तेल सोडा. भाच्याला हँडल शोधायला लावा. पंधरा दिवसांनी त्यानंच ते सावकाश हलवून बघावं, आणि बोटभर जरी सरकलं तरी मला कळवा. मी पाने घेऊन येतो.